दुखावलेल्या भावनांची फिर्याद



ईश्वर, प्रेषित, धर्मग्रंथ किंवा उपासनास्थान यांच्याविषयी केलेले अवमानकारक विधान हा स्वतंत्र गुन्हा मानून त्याला शिक्षा ठरवणाऱ्या कायद्यांना ईशनिंदाविरोधी कायदे म्हणतात. भारताच्या दंडविधानात या नावाचा गुन्हा नाही. १८६० च्या दंडसंहितेत धर्मविषयक अपराधांचे एक प्रकरण होते आणि निरनिराळ्या धर्मांची माणसे शेजारी नांदत असताना सार्वजनिक शांतता टिकावी, एवढाच त्याचा हेतू होता. या रचनेत एक गुण आहे आणि एक धोकाही आहे. गुण असा, की राज्यसंस्था कोणत्याही एका धर्माच्या सिद्धान्ताची राखणदार होत नाही. धोका असा, की संरक्षण देवाऐवजी भाविकाच्या भावनेला मिळते आणि ती भावना दुखावली की नाही, हे सांगणारा बहुधा स्वतः फिर्यादीच असतो. अल्पसंख्याकांविरुद्ध या कलमांचा जो गैरवापर होतो, त्याचे मूळ याच जागी आहे.

या धोक्याची जाणीव कायदा करणाऱ्यांना नव्हती, असे म्हणता येत नाही. १९२४ मध्ये लाहोरला राजपाल या प्रकाशकाने प्रेषित महंमदांच्या खासगी जीवनावर टीका करणारी ‘रंगीला रसूल’ ही पुस्तिका काढली. दोन समाजांत वैर वाढवण्याविषयीच्या १५३-ए या कलमात दिवंगत धर्मप्रवर्तकावरील टीका बसत नाही, असे सांगून लाहोर उच्च न्यायालयाने १९२७ मध्ये त्याला मुक्त केले, आणि त्यानंतर उसळलेल्या क्षोभामुळे त्याच वर्षी धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे २९५-ए हे नवे कलम जन्माला आले. मध्यवर्ती कायदेमंडळातील चर्चेत जिना यांनी, प्रामाणिकपणे धर्मचिकित्सा करणारे या कलमाच्या कचाट्यात सापडता कामा नयेत, असा इशारा दिला होता. कलमात ‘हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने’ ही अट आली ती अशाच चिंतेतून. एका अल्पसंख्य समाजाच्या मागणीतून आलेले कलम पुढे त्याच समाजाच्या माणसांवर वारंवार लावले गेले, ही इतिहासातील अतिशय क्लेशकारक उलटापालट आहे.

ती अट काढून टाकली तर काय घडते, हे सीमेपलीकडे दिसते. पाकिस्तानने वारशाने मिळालेल्या त्याच दंडसंहितेत १९८० ते १९८६ या काळात नवी कलमे घातली. त्यांपैकी १९८४ ची कलमे थेट अहमदिया समाजाविरुद्ध होती, तर १९८६ च्या २९५-सी या कलमाने प्रेषितांच्या अवमानाला मृत्युदंडापर्यंतची शिक्षा ठेवली आणि त्यात हेतूचा उल्लेखच केला नाही. शेतात मजुरी करणाऱ्या आसिया बीबी या ख्रिस्ती स्त्रीवर, पाणी पिण्यावरून झालेल्या भांडणानंतर, २००९ मध्ये हा आरोप आला. २०१० मध्ये तिला फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवले ते थेट ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी. तिची बाजू घेणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर आणि या कायद्यात सुधारणा मागणारे ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी या दोघांची २०११ मध्ये हत्या झाली.

भारतात २९५-ए किंवा त्याच्या जागी आलेल्या नव्या कलमाखालील गुन्ह्याला मृत्युदंड नाही, सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही, आणि म्हणून येथे तसा धोका नाही, असे समाधान अनेक जण करून घेतात. ते समाधान अपुरे आहे, कारण येथे शिक्षा निकालाने होत नाही, ती फिर्यादीनेच होऊन जाते. गुन्हा दखलपात्र म्हणजे पोलिसांना वॉरंटाविना अटक करता येणारा आहे आणि अजामीनपात्र आहे. सरकारी मंजुरीचा प्रश्न उद्भवण्याआधीच अटक, बदनामी, नोकरी जाणे आणि गाव सोडणे हे सारे उरकलेले असते.

महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण पंढरपूरला जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचे आहे. त्यांच्या चित्रांविरुद्ध देशात ठिकठिकाणी फिर्यादी झाल्या आणि त्यांपैकी एक खुद्द पंढरपुरात दाखल झाली. अश्लीलता आणि धार्मिक भावना दुखावणे अशी कलमे लावलेले हे खटले दिल्लीत एकत्र आणले गेले आणि ८ मे २००८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी ते रद्द केले. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. कायद्याच्या दृष्टीने चित्रकार जिंकला होता, परंतु २००६ पासून तो देशाबाहेर होता. २०१० मध्ये त्याने कतारचे नागरिकत्व घेतले आणि २०११ च्या जूनमध्ये लंडनला त्याचा मृत्यू झाला. ज्या चंद्रभागेच्या काठी तो जन्मला, त्या भूमीत त्याला परतता आले नाही, ही गोष्ट मराठी समाजाला लागली पाहिजे तितकी लागलेली नाही.

या कलमांचे हत्यार एकाच समाजाच्या हाती असते, असे मानणे मात्र सत्याला धरून होणार नाही. मुंबईतील एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी जानेवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या ‘शार्ली एब्दो’ साप्ताहिकाचे, प्रेषितांचे व्यंगचित्र असलेले मुखपृष्ठ बातमीसोबत छापले. त्यांनी लगेच जाहीर माफी मागितली, तरीही अनेक ठिकाणी गुन्हे नोंदवले गेले आणि मुंब्रा पोलिसांनी त्यांना अटक केली; दैनिकाची ती आवृत्ती बंद पडली आणि त्यांना काही काळ घराबाहेर राहावे लागले. फिर्यादी त्यांच्याच समाजातील होते. अल्पसंख्याकांच्या आत आणखी एक अल्पसंख्या असते. वेगळे बोलणारी स्त्री, सुधारक आणि नास्तिक तिच्यात मोडतात, आणि दोन्हीकडून मार खाणाऱ्या या माणसांची बाजू घेणारे फार थोडे असतात. २०१२ मध्ये मुंबईतील एका चर्चमधील क्रूसातून ठिबकणाऱ्या पाण्याचे कारण गटार व भिंतीतील ओल हे आहे, असे सांगणारे बुद्धिवादी सनल एडामारुकू यांच्याविरुद्ध काही कॅथलिक संघटनांनी २९५-ए खाली तक्रारी केल्या आणि ते फिनलंडला निघून गेले.

अलीकडच्या काळात छापील पुस्तकाची जागा मोबाइलवरील ‘स्टेटस’ने घेतली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात औरंगजेबाविषयीच्या अशा मजकुरावरून ७ तारखेला बंद, दगडफेक आणि लाठीमार झाला. मजकूर ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. छत्रपती शिवाजी महाराजांविषयी मराठी माणसाच्या मनात जे आहे ते अत्यंत खोल आणि आदरास पात्र आहे. पण एखाद्या बादशहाचे चित्र ठेवणे हा धर्माचा अवमान कसा ठरतो, याचे उत्तर धर्मविषयक कलमांच्या शब्दांत सापडत नाही. त्याच वर्षी १० सप्टेंबरच्या रात्री सातारा जिल्ह्यातील पुसेसावळीत समाजमाध्यमावरील मजकुराचे निमित्त होऊन जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि तेथे एका तरुणाचा जीव गेला. तो मजकूर त्याने लिहिलेला नव्हता.

हे सारे तपासण्याचे माप महाराष्ट्रातच तयार झालेले आहे. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात असे ठरवले, की एखाद्या लेखनाचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीराच्या माणसावर काय होईल, हे पाहावे. जो प्रत्येक विरोधी मतात संकट शोधतो, अशा दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाचे माप लावू नये. तो खटला धर्माचा नव्हता, परंतु ते माप पुढे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा हाती घेतले. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांविषयीच्या पुस्तकावरून पुण्यात नोंदवलेला गुन्हा २००७ मध्ये रद्द करताना ते वापरले गेले. कोल्हापूर जिल्ह्यात शिकवणाऱ्या एका काश्मिरी प्राध्यापकाने कलम ३७० रद्द झाल्याच्या दिवसाला काळा दिवस म्हटले आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, म्हणून हातकणंगले पोलिसांनी १५३-ए खाली नोंदवलेला गुन्हाही ७ मार्च २०२४ रोजी याच मापाने रद्द झाला. त्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आणि त्याच्या वाजवी मर्यादांची शिकवण देण्याची वेळ आली आहे, असेही नोंदवले.

आपल्या पाथरीसारख्या गावाला हे माप परके वाटण्याचे कारण नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचा पाया घालणाऱ्या मलिक अहमदचे वडील मूळचे पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातील ब्राह्मण होते, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. ज्यांचा धर्म कोणता हा प्रश्नच भक्तांनी बाजूला ठेवला, त्या साईबाबांचा जन्म येथे झाला, अशी पाथरीकरांची श्रद्धा आहे. जानेवारी २०२० मध्ये या श्रद्धेमुळे शिर्डीकर दुखावले, १९ तारखेला शिर्डी बंद राहिली, आणि तरीही दोन्ही गावांच्या भावनांचा हा तंटा मुख्यमंत्र्यांसमवेतच्या बैठकीपर्यंत जाऊन शमला. त्याहून जुनी एक आठवण येथील घराघरांत असायला हवी. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, तेथे गश्ती निशाण ५३ या आज्ञेने सभा भरवण्यास पूर्वपरवानगी सक्तीची केली होती आणि धार्मिक निर्बंधांविरुद्ध आर्य समाजाने १९३८-३९ मध्ये सत्याग्रह केला होता. धर्माविषयी बोलण्यासाठी सरकारी अधिकाऱ्याची मर्जी राखावी लागणे म्हणजे काय, हे मराठवाड्याच्या आधीच्या पिढ्यांनी सोसलेले आहे. त्या पिढ्यांच्या वारसांनी दुसऱ्या कोणावर तीच पाळी आणू नये, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

आज या महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्यांपैकी काही जण वकिलीच्या शिक्षणाकडे वळतील, काही पोलीस भरतीच्या परीक्षा देतील, काही वार्ताहर होतील, आणि त्यांतील प्रत्येकाच्या टेबलावर अशी एखादी फिर्याद केव्हातरी येईल. १ जुलै २०२४ पासून जुन्या २९५-ए ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ने आणि १५३-ए ची जागा कलम १९६ ने घेतली आहे. नव्या कार्यपद्धतीत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये, तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून, प्रथमदर्शनी तथ्य आहे की नाही हे पाहण्याची सोय आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले कवी इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेसाठी गुजरातेत नोंदवलेला गुन्हा २८ मार्च २०२५ रोजी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बोलण्या-लिहिण्याविषयीच्या अशा तक्रारींत पोलिसांनी ही चौकशी आधी करणे उचित आहे. रात्री मोबाइल उंचावत शंभर माणसे ठाण्याच्या आवारात जमली, तरी ठाणे अंमलदाराला तो मजकूर आधी स्वतः पूर्ण वाचता येतो, तो कोणी आणि कोणत्या हेतूने लिहिला हे विचारता येते, उपअधीक्षकांना फोन करता येतो, आणि चौकशीत तथ्य आढळले नाही, तर तसे लेखी कळवून फिर्याद बंद करता येते.