मुलांना कोंडणे आणि कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. चिटणीसबाईंनी नाव घातले तेव्हा मी म्हटले होते, मला आपले लोणच्यांवर बोलू द्या. पण एक गोष्ट बरीच वर्षे मनात आहे, आणि ती सांगायला आपल्या मंडळाएवढे घरचे ठिकाण दुसरे नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे थोरले दीर आपल्या धंतोलीतल्याच एका हॉस्पिटलात होते. शस्त्रक्रियेनंतर त्यांना भ्रम झाला आणि ते सलाईनची सुई उपटू लागले. रात्री नर्स येऊन म्हणाली, “काकू, आजोबांचे हात थोडा वेळ पट्टीने बांधावे लागतील. डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. इथे सही करा.” सही करताना माझा हात थरथरला, तो केवळ दिरांसाठी नव्हे. १९८४ साली मी एका नऊ वर्षांच्या मुलाला कोंडले होते. त्याची कोठे सही नाही, की नोंद नाही.

मी तेव्हा शाळेत चौथीला शिकवीत असे. वर्गात साठ मुले. त्यांतला हा एक मुलगा पाच मिनिटे जागेवर बसत नसे. आजच्या डॉक्टरांनी त्याच्या चंचलपणाला काही नाव दिले असते; आमच्याजवळ ‘वांड’ एवढाच शब्द होता. छडी झाली, अंगठे धरणे झाले, बाकावर उभे करणे झाले. एके दिवशी त्याने शेजारच्या मुलाची पाटी फोडली, आणि मी त्याला हाताला धरून जिन्याखालच्या नकाशांच्या खोलीत घातले व बाहेरून कडी लावली. दहा मिनिटांनी काढायचे असे ठरविले होते. तेवढ्यात तपासनीस आले, मी वह्या दाखविण्यात गुंतले आणि विसरले. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर आठवण झाली. कडी काढली तेव्हा तो रडत नव्हता. गुंडाळलेल्या नकाशांना पाठ टेकून बसला होता, आणि त्याची चड्डी ओली होती.

दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. मला वाटले, आता काय ऐकावे लागते! तर ती बाई म्हणाली, “बाई, बरी अद्दल घडवलीत. घरीसुद्धा ऐकत नाही.” मला त्या क्षणी केवढे हायसे वाटले! आज त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटते.

आता कायद्याकडे वळते. मी वकील नव्हे, पण वाचून समजून घेतले आहे. पूर्वी कायदाच नव्हता असे आपण समजतो, ते खरे नाही. कोणालाही अन्यायाने कोंडून ठेवणे हा इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेतही गुन्हाच होता, कलम ३४२. परंतु त्याच संहितेचे ८९ वे कलम असे की, बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी, सद्‌हेतूने आणि पालकांच्या संमतीने केलेली गोष्ट गुन्हा धरली जात नाही. मूल शाळेत घातले म्हणजे संमती दिलीच, असा या कलमाचा आधार छडीला मिळत आला. म्हणजे त्या माउलीने “बरी अद्दल घडवलीत” म्हणून नकळत मलाच पाठीशी घातले होते. ही दोन्ही कलमे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेत नव्या क्रमांकांनी आली आहेत. कोंडण्याचे कलम आता १२७ आहे, आणि शिक्षा एक वर्षापर्यंतची.

मधल्या काळात वारे मात्र फिरले. दिल्लीच्या शालेय नियमांत छडीला परवानगी होती. ती दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये रद्द केली. पुढे २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींची मनाई केली. तेथे पालकांच्या संमतीची सवलत नाही. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०१२ साली शाळांसाठी सूचना काढल्या, त्यांत वर्गात, ग्रंथालयात, संडासात किंवा कोणत्याही बंद जागेत मुलाला अडकवून ठेवणे हे शिक्षेतच धरले आहे. माझी नकाशांची खोली त्यात नेमकी बसते. १७ वे कलम सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरते आहे. पण २०१५ च्या बालन्याय कायद्याचे ७५ वे कलम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागते. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्याशी क्रौर्य केल्यास त्यात तुरुंगवास आहे.

जुलै २०१८ मध्ये जुन्या दिल्लीतल्या एका शाळेने फी थकली म्हणून बालवर्गातल्या मुलींना तळघरात बसवून ठेवले, अशी पालकांची तक्रार होती. शाळा म्हणे, ती तर खेळाची खोली. पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो या ३४२ आणि ७५ कलमांखालीच. पण हे उजेडात केव्हा आले? पालक दाराशी जाऊन पोहोचले तेव्हा.

येथेच माझे दुखणे आहे. मनोरुग्णांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्याने एकटे कोंडण्याला साफ मनाई केली आहे. रुग्णाला धरायचे वा बांधायचे तर तत्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, आणि तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने. शिक्षा म्हणून नाही, माणसे अपुरी आहेत म्हणूनही नाही. शिवाय प्रत्येक वेळेची नोंद करायची आणि रुग्णाच्या माणसाला चोवीस तासांत कळवायचे. शाळांच्या कायद्यात मनाई आहे, पण ही वही नाही.

वहीने काय होते, ते अमेरिकेत दिसले. तेथे मुलांना धरणे व कोंडणे यांवर सबंध देशाचा एक कायदा नाही. २००९ पासून विधेयक पुनःपुन्हा मांडले जाते आणि राहून जाते. राज्ये आपापले नियम करतात. इलिनॉय राज्यात प्रत्येक कोंडण्याची लेखी नोंद सक्तीची होती. पत्रकारांनी त्या नोंदी मागविल्या तर सव्वा-दीड वर्षाच्या वीस हजारांहून अधिक निघाल्या, आणि त्यांतली बरीच मुले अपंग वा विशेष गरजांची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ते छापून येताच सरकारने कुलूपबंद खोल्यांवर लगेच बंदी घातली. शिक्षकांनी स्वतःच्या हातांनी लिहिले होते, म्हणून ते कळले.

मूल रस्त्याकडे धावत सुटले, किंवा दुसऱ्याच्या डोळ्यात पेन्सिल खुपसू लागले, तर बाईंनी त्याला घट्ट धरायलाच हवे. त्याला कोणी शिक्षा म्हणणार नाही. साठ मुले एकटीने सांभाळलेली मी बाई आहे, ते मला कोणी शिकवायला नको. पण धरले तर लिहावे, आणि त्याच दिवशी घरी कळवावे.

हे आपण मागू शकतो. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया हव्यात, असे कायदाच सांगतो. त्या जागांवर पुष्कळदा नुसत्या सह्या होतात. आपल्यातल्या ज्यांची मुले-नातवंडे तशा शाळांत आहेत, त्यांनी सुनांना, लेकींना समितीवर पाठवावे. आणि कोणाचे मूल खरोखरच अडचणीत असेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन लक्षात ठेवावा.

मी नातवाच्या शाळेत जाऊन या वहीबद्दल विचारले. मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, “आजी, आमच्याकडे असं काही होतच नाही.” १९८४ साली मला कोणी विचारले असते, तर मीही हेच सांगितले असते. पुढच्या पालकसभेला मी पुन्हा जाणार आहे. कोणाला बरोबर यायचे असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.