गुलाबाचे जतन



स्मृतिव्याख्यानासाठी गुलाबाचा विषय काहींना हलका वाटेल. गुलाब म्हटला की अत्तरदाणी आणि स्वागताचे हार डोळ्यांपुढे येतात. मला मात्र गुलाब जपणाऱ्या बागांविषयी बोलावयाचे आहे.

हापूसच्या कोयीतून हापूस येईलच असे नाही, हे आपण जाणतो. संकरित गुलाबाचेही तसेच. बी पेरले तर उगवते ते निराळेच रोप. म्हणून मूळ झाडाचा डोळा रानटी खुंटावर भरावा लागतो. हे काम थांबले आणि शेवटचे झाड वाळले, की तो वाण जगातून गेला. ग्रंथाची दुसरी प्रत कोठेतरी सापडते. गुलाबाची तशी आशा नसते.

जर्मनीतील सांगरहाउझेन हे तांब्याच्या खाणींचे गाव. तेथे १९०३ साली गुलाबोद्यान उघडले, ते मुख्यतः जुने वाण राखण्यासाठी. दोन महायुद्धे झाली, देशाची फाळणी झाली आणि गाव पूर्व जर्मनीत गेले. तरी बाग टिकली. आज तेथे आठ हजारांहून अधिक वाण आहेत. इतरत्र नामशेष झालेले कित्येक गुलाब तेथील डोळ्यांवरून पुन्हा वाढविले गेले. अमेरिकेत पोर्टलंड येथे १९१७ साली बाग मंजूर झाली, तीही युरोपातील गुलाब बॉम्बवर्षावात नष्ट होतील या भीतीने. इंग्लंडच्या संकरकांनी आपली रोपे तेथे पाठविली. तोफा धडधडत असताना कोणाला गुलाबांची काळजी वाटावी, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आपल्याकडे बेंजामिन पिअरी पाल यांनी गव्हाच्या संशोधनाइतक्याच निष्ठेने गुलाबाचे नवे वाण निर्माण केले. चंदीगढला १९६७ साली सुमारे तीस एकरांचे गुलाबोद्यान उभे राहिले. बाग उभारताना समारंभ होतात. खरी कसोटी त्यानंतरची. माझ्या मते ज्या बागेत नावाची पाटी आणि नोंदवही नाही, ती शोभेची बाग. तिला गुलाबोद्यान म्हणणे जड जाते.

छाटणी चुकली, देखरेख सुटली, की कलमाच्या जोडाखालून खुंटाचे फुटवे जोमाने वर येतात. कलम दबते, मरते. झाड मात्र हिरवेगार दिसते, त्याला फुलेही येतात; पाटीवर नाव जुनेच असते आणि फुललेला असतो तो खुंट.