मनीऑर्डरीचं कुपन आणि आपला हिशेब



परिषदेच्या अध्यक्षपदावरून सगळ्या अर्थव्यवस्थेचा आढावा घेण्याची रीत आहे. ती मोडून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे : परमुलखात कमावणाऱ्याने घरी पाठवलेला पैसा.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावी. महिन्यातून एकदा पोस्टमन पडवीत बसून नोटा मोजायचा, आई अंगठा उठवायची आणि कुपनावरचा मजकूर मी वाचायचो : ‘पावसाआधी घर शाकारून घेणे. पोराची फी भरणे.’ पोस्टमनची पाठ वळायच्या आत आईच्या मनात वाटण्या झालेल्या असत. वाण्याची उधारी, फी, आजीचं औषध. शेतीच्या वाट्याला क्वचितच काही उरे.

पुढे अर्थशास्त्र शिकताना कळलं, की या खर्चाला पुस्तकात ‘अनुत्पादक उपभोग’ म्हणतात. माझी फी त्यातच धरलेली होती. त्या शब्दाशी माझं आजतागायत जमलेलं नाही.

गरिबीपुरतं बोलायचं तर पुरावा बराच स्पष्ट आहे. रिचर्ड ॲडम्स आणि जॉन पेज यांनी ७१ विकसनशील देशांची आकडेवारी तपासून २००५ साली निष्कर्ष काढला : परदेशातून येणारी दरडोई रक्कम १० टक्क्यांनी वाढली, तर गरिबांचं प्रमाण सरासरी ३.५ टक्क्यांनी घटतं. नेपाळ पाहा. १९९५-९६ मध्ये तिथे सुमारे ४२ टक्के लोक गरीब होते, २००३-०४ मध्ये सुमारे ३१ टक्के. त्यातली बरीच वर्षं देशात यादवी चालू होती. तरी गरिबी घटली, आणि त्या घटीचा जवळपास पाचवा हिस्सा कामासाठी बाहेर पडलेल्यांच्या खात्यावर जमा आहे, असं अभ्यासकांनी मोजून दाखवलं.

आर्थिक वाढीचा प्रश्न मात्र अडतो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी २००३ मध्ये मांडलं, की असा पैसा जिथे जास्त येतो तिथे वाढ मंदावलेली दिसते. नंतरच्या अभ्यासांचं यावर एकमत नाही. मला वाटतं, इथे जपून बोलावं. घरावर संकट आलं की माणूस जास्त पैसे पाठवतो. दवाखान्यात आजारी माणसं दिसतात, म्हणून आजार दवाखान्याने दिला असं कोणी म्हणत नाही.

संकटात मदत उलट्या दिशेनेही वाहते, हे मी घरीच पाहिलं. १८ जानेवारी १९८२ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि आमची मनीऑर्डर थांबली. मी तेव्हा नववीत होतो. आईने पाटल्या गहाण टाकल्या, आणि गावाकडून तांदळाचं गाठोडं परळच्या खोलीवर जाऊ लागलं. जमिनीच्या ज्या तुकड्यात पैसा ‘गुंतवला’ नाही म्हणून आम्हाला नावं ठेवली जात, त्याच तुकड्याने मुंबईतल्या माणसाला पोसलं. ते एकच घर होतं, त्याच्या दोन चुली होत्या.

म्हणून त्या पैशाचे गोडवे गाऊन थांबावं, असंही मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरी येऊनही कोकणात रोजगार उभा राहिला नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. २०११च्या जनगणनेत तिथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ती माणसं बाहेर, चिऱ्याची घरं बंद, वरकस जमीन पडीक. पण याचा दोष आईच्या हिशेबाला देऊ नका. मनीऑर्डर ही मजुरी होती. रस्ता, पाणी, कर्ज आणि मालाला गिऱ्हाईक हे सगळं त्या मजुरीतूनच उभं राहावं, ही अपेक्षाच चुकीची होती.

मग करायचं काय? एक, पाठवणावळ कमी करणं. जुन्या मनीऑर्डरीला अखेरच्या काळात शंभर रुपयांमागे पाच रुपये कमिशन पडे. देशात आज मोबाईलवरून पैसे फुकट जातात. परदेशातून पाठवताना मात्र जगभरातला सरासरी खर्च अजून सहा टक्क्यांच्या वर आहे, आणि २०३०पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. दोन, मोजणं. २०२२ मध्ये भारतात येणाऱ्या अशा पैशाने शंभर अब्ज डॉलरचा टप्पा ओलांडला, हे आपल्याला ठाऊक असतं, कारण तो सीमा ओलांडून येतो. पुण्याहून खेडला जाणाऱ्या पैशाला परकीय व्यवहारांच्या ताळेबंदात रकानाच नाही. केरळात १९९८ पासून स्थलांतराची घरोघर पाहणी होत आली आहे. या परिषदेने निदान एक तालुका निवडावा आणि वर्षभर तेवढंच काम करावं.

त्या पाहणीसाठी एक प्रश्न मी आताच सुचवून ठेवतो. ‘किती पैसे आले?’ हे विचाराच. पण त्याच्या जोडीला विचारा, ‘आले नसते तर काय विकलं असतं?’ आईकडे त्याचं उत्तर तयार होतं. तिला ते कुणी विचारलं नाही.