एका 'एल'चा घोळ

आज माझ्याच एका चुकीची गोष्ट.

तळेघरला माझा मामेभाऊ आहे. त्याचा लॅपटॉप जुना, इंटेलच्या चौथ्या पिढीचा, रॅम 4 जीबी. ऑनलाइन क्लास लावला की हँग. मी फोनवर सहज बोललो, "डीडीआर 3 ची अजून एक 4 जीबी रॅम टाक." हिरडा विकून आलेल्या पैशातून त्याने मंचरहून सेकंडहँड रॅम आणली. बसली अगदी बरोबर. पण बटण दाबलं तर पंखा फिरतोय, स्क्रीन काळी.

"दादा, लॅपटॉप गेला का रे?"

म्हटलं, घाबरू नको. चार्जर काढ, बॅटरी काढ. आता फक्त जुनी रॅम ठेव. लॅपटॉप चालू! मग फक्त नवी लावली, तर पुन्हा काळोख. दोन्हींच्या लेबलांचे फोटो मागवले. जुनीवर पीसी3एल, नवीवर नुसतं पीसी3.

हा 'एल' म्हणजे 1.35 व्होल्टवर चालणारी रॅम. साध्या डीडीआर 3 ला 1.5 लागतात. पिना दोन्हींना 204, खाचही एकाच जागी, म्हणून चुकीची रॅमसुद्धा बसते. डीडीआर 4 असती तर बसलीच नसती, चूक तिथेच कळली असती.

दुकानदाराने रॅम बदलून दिली, पण एसटीची एक खेप माझ्यामुळे वाया गेली. तेव्हा रॅम घेण्याआधी जुनीच्या लेबलचा फोटो काढा आणि दुकानात दाखवा. बसली म्हणजे चालेलच असं नाही!