तांब्याच्या तारेने शिवलेली होडी



माझं माहेर सांगोल्याकडचं. पाणी म्हणजे विहीर, आणि विहिरीच्या काठाला जायचं नाही, एवढंच आम्हाला लहानपणी शिकवलेलं. सासर मात्र वेंगुर्ल्याचं. ह्यांचा जीव समुद्रात. आम्ही इंग्लंडात राहत असताना ह्यांनी एका हिवाळ्यात घरीच शिडाची होडी बांधायला काढली, तेव्हा मी सांगून टाकलं होतं, बांधा खुशाल, मी बसणार नाही.

ती होडी मिरर जातीची. १९६३ साली लंडनच्या बोटींच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढे आली. ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने तिचा पुरस्कार केला, म्हणून हे नाव, आणि म्हणूनच शिडं लाल. आराखडा जॅक होल्ट यांचा. बांधणीची पद्धत बॅरी बकनेल यांची. हे बकनेल बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर लोकांना घरच्या घरी करायची कामं शिकवत. पगारदार माणसाला परवडेल आणि मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी त्यांना हवी होती. पहिली किंमत होती ६३ पौंड ११ शिलिंग. लांबी ११ फुटांना दोन इंच कमी. पुढे जगभरात अशा ७०,००० होड्या झाल्या.

यात खिळे ठोकून सांगाडा उभारायचा नसतो. प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्यांच्या कडांना भोकं पाडायची, त्यांतून तांब्याची तार ओवायची आणि पीळ देऊन दोन कडा जवळ आणायच्या. सपाट फळ्यांना आपोआप बाक येतो, आणि बघता बघता जमिनीवर होडी उभी राहते. मग सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन. थंडीत रेझिन लवकर सुकत नाही, म्हणून गॅरेजमध्ये हीटर लावावा लागे आणि रेझिनचा उग्र वास स्वयंपाकघरापर्यंत येई. तार ओवायचं काम मुलांचं. मुलीचे हात दुखायला लागले तेव्हा मी पक्कड घेऊन बसले, आणि त्या हिवाळ्यात एका बाजूचे बरेच टाके माझ्या हातचे झाले.

उन्हाळ्यात आम्ही रटलंड वॉटरला गेलो. एकोणीसशे सत्तरच्या दशकात भरलेला हा मोठा तलाव. काठावरचं नॉर्मन्टनचं चर्च बुडू नये म्हणून त्याचा खालचा भाग दगडांनी भरून घेतलेला. ह्यांनी आणि मुलांनी आधी उथळ पाण्यात होडी मुद्दाम उलटी केली. कडेने हवेचे बंद कप्पे आहेत, त्यामुळे आत पाणी भरलं तरी ती तरंगत राहिली. ते डोळ्यांनी बघितल्यावरच मी पाय आत टाकला.

वारा भरला आणि होडी कलली. माझ्या पोटात गोळा आला. ह्यांनी मोठ्या शिडाचा दोर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “भीती वाटली की सोड.” मी सोडला. शिडातला वारा निघून गेला, ते फडफडलं, होडी सरळ झाली. पुन्हा ओढला, पुन्हा कलली, पाणी कापत निघाली. तासभर मी एवढंच करत होते. दिशा बदलताना “आई, डोकं खाली!” अशी आरोळी येई आणि शिडाचा दांडा वरून सरकून जाई. धाडस कर म्हणून मला आजवर पुष्कळांनी सांगितलं होतं. कलणारी होडी सावरायची कशी, हे पहिल्यांदा कुणीतरी माझ्या हातात दिलं होतं. भीती त्या दिवशी गेली नाही, पण तिच्यावर काय करायचं ते कळलं, आणि मला वाटतं पाण्याला घाबरणाऱ्या कुणालाही एवढंच लागतं.

२०२५ साली कारवारला आपल्या नौदलात ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज दाखल झालं. गोव्यात बांधलेलं, केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळी फळीला शिवलेलं. आमच्या होडीत तारेचं काम रेझिन सुकेपर्यंतचं. कौंडिण्यमध्ये टाकेच अख्खं जहाज धरून आहेत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशी जहाजं पूर्वापार होत आली. कौंडिण्यचे फोटो बघताना मी आधी टाके शोधले. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या एका चित्रावरून घेतला आहे. लेणी बघायला मुलांना न्याल, तर दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे, ते त्यांना जरूर दाखवा.