जाहीर न झालेली करवाढ



करवाढ अर्थमंत्र्यांनी लोकसभेत जाहीर करावी लागते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु पगारदारांवरील सर्वांत चिवट करवाढीला भाषण लागत नाही आणि मतदानही लागत नाही. करमुक्त उत्पन्नाची मर्यादा जागच्या जागी ठेवली, की उरलेले काम महागाई करते.

१९९८च्या अर्थसंकल्पाने ही मर्यादा ५०,००० रुपये केली. तिच्यावरील पहिल्या १०,००० रुपयांना दहा टक्के कर होता. वजावटी जाता त्या वर्षी ५०,००० रुपये उत्पन्न असणारा कामगार करमुक्त होता. पुढे महागाई भत्त्याने त्याचे उत्पन्न ६०,००० झाले आणि भावही त्याच प्रमाणात चढले, असे धरू. त्याच्या घरात धान्याचा एक दाणाही अधिक आला नाही. तरीही, अन्य सवलती वगळता, त्याला १,००० रुपये कर लागू झाला. भत्ता ही महागाईची भरपाई होती; कर त्या भरपाईवरच बसला. मर्यादा १ लाखावर गेली ती २००५ मध्ये. त्या औदार्यातील बराच भाग म्हणजे आधी घेतलेल्याचीच परतफेड होती.

सरकारला भाववाढीचा हिशेब ठेवता येत नाही, असे मुळीच नाही. १९९२च्या वित्त कायद्याने जमीन, घर वा सोने विकणाऱ्यास मूळ खरेदीची किंमत निर्देशांकानुसार वाढवून धरण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये ती बहुतांशी काढून घेण्यात आली. पण तोवर तीन दशके लोटली होती. मालमत्तेच्या नफ्यातील भाववाढ कायद्याने वगळली गेली, श्रमाच्या मोबदल्यातील भाववाढ मात्र अर्थमंत्र्यांच्या मर्जीवर राहिली.

२०२५च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या पगारी उत्पन्नावरील कर सवलतीद्वारे माफ केला. हा दिलासा खराच; परंतु भाववाढीशी तोही बांधलेला नाही. जुन्या प्रणालीत तर २०१४ची अडीच लाखांची मर्यादा त्या अर्थसंकल्पानंतरही तशीच राहिली.

म्हणून मागणी सवलतीची नसावी, नियमाची असावी. करमुक्त मर्यादा आणि खालचे टप्पे दरवर्षी ग्राहक किंमत निर्देशांकानुसार वाढावेत. येणारी तूट वरच्या उत्पन्नांवरील करातून भरावी; ज्यांचे उत्पन्न करपात्रही नाही, त्यांच्या मीठमिरचीच्या खरेदीवर अप्रत्यक्ष कराचा बोजा टाकून नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी महागाई भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकाशी जोडून घेतला होता. तोच न्याय करमर्यादेला लावून घेणे, हे चळवळीचे राहून गेलेले काम आहे.