गोदातीरावरील भूकंप आणि आपली घरे

(शताब्दीनिमित्त बासर येथे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



गोदावरीची वाळू मुठीमुठीने आणून व्यासांनी येथे ज्ञानसरस्वतीची स्थापना केली, अशी बासरची आख्यायिका आहे. पूर्वी आदिलाबाद आणि २०१६ पासून निर्मल, असा या क्षेत्राचा जिल्हा बदलला. परंतु धर्माबाद-नांदेडकडील मराठी घरांना बासर कधी परके वाटले नाही. मुलाच्या हातून पहिले अक्षर येथे गिरवून घ्यावे, ही तेथील कित्येक कुटुंबांची रीत आहे. अशा स्थळी आणि शताब्दीच्या आनंदात मी भूकंपाचा विषय घेऊन उभा आहे, याचे काहींना नवल वाटेल. पण ज्या भूमीवर आपण राहतो तिचा स्वभाव जाणणे, हेही विद्येचेच अंग आहे.

दख्खनचे पठार अढळ आहे, या समजुतीत आपल्या अनेक पिढ्या गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले, तेव्हा आपण त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी लावला आणि स्वतःपुरते निश्चिंत झालो. १३ एप्रिल १९६९ रोजी याच गोदावरीच्या खालच्या अंगाला, भद्राचलम परिसरात ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. तोही आपण दूरचा मानला. मग किल्लारी आली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणरायाला निरोप देऊन माणसे उशिरा घरी येऊन निजली होती. ३० तारखेच्या पहाटे, चारला काही मिनिटे असताना, लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगाऱ्याखाली गेली. मृतांचा आकडा निरनिराळ्या नोंदींत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान सापडतो. भूकंपाच्या तत्कालीन नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या श्रेणीत होता. २००२ च्या सुधारित नकाशातून ती श्रेणीच काढून टाकण्यात आली. आपल्या देशात भूकंपाच्या भयापासून पूर्ण मुक्त असा प्रदेश नाही, ही त्यामागील कबुली होती.

येथे एक तुलना करावीशी वाटते. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लोमा प्रिएटा येथे ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. किल्लारीचा होता ६.२ च्या आसपास; म्हणजे कॅलिफोर्नियातील धक्क्याची ऊर्जा कित्येक पटींनी अधिक. तेथे मृत्यू झाले त्रेसष्ट. वेळ सायंकाळची होती आणि किल्लारीचा धक्का भूपृष्ठाच्या अगदी जवळचा होता, हे खरे. तरीही एवढ्या मोठ्या अंतराचे मुख्य कारण घरांच्या बांधणीतच शोधावे लागते.

आपल्याकडील जुन्या घराची भिंत आठवून पाहा. दोन-अडीच फूट जाडीची, आतून-बाहेरून दगडांचे दोन थर, मध्ये मातीगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नाही. वर लाकडी तुळयांवर मातीचे जड माळवद, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर पडणारी आणखी माती. उन्हाळ्यात हे घर थंड राहते, म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. परंतु जमीन आडवी हलू लागली की भिंतीचे दोन थर फुगून सुटे होतात आणि दगड निजलेल्या माणसावर कोसळतात. किल्लारी परिसरात लाकडी खांब-तुळया उभ्या आणि भिंती ढासळलेल्या, अशी घरे अनेकांनी पाहिली.

यावर उपाय आहेत आणि ते भूकंपानंतर मराठवाड्यात प्रत्यक्ष वापरले गेले आहेत. जुन्या भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून लोखंडी सळई व काँक्रीट भरून दोन्ही थर जोडावेत. दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना कवेत घेणारा सलग पट्टा द्यावा. माळवदावरची जादा माती उतरवावी. नवे घर बांधताना हाच सलग पट्टा पायापाशी आणि छपरापाशीही असावा; गवंड्याकडे तेवढा आग्रह धरणे मालकाच्या हाती आहे.

ही घाई कशासाठी, असे कोणी विचारील. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि तो नांदेड-परभणीतही जाणवला. १० जुलैला तशीच पुनरावृत्ती झाली. ४ डिसेंबर २०२४ रोजी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला; तो हैदराबादपासून गडचिरोलीपर्यंत जाणवला. बासर या दोन ठिकाणांच्या दरम्यान वसलेले आहे. यावरून उद्या मोठा भूकंप होईल असे मुळीच ठरत नाही. भूकंपाचा दिवस व वेळ आगाऊ सांगणारे शास्त्र आज जगात कोठेही नाही. तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण किल्लारीतही १९९२ साली, म्हणजे आदल्याच वर्षी, धक्के जाणवले होते. ते थांबले, भीती ओसरली आणि भिंती मात्र होत्या तशाच राहिल्या.

म्हणून आपल्या ग्रंथालयाला माझी दोन मागणी आहेत. पहिली अगदी व्यवहाराची. उंच लोखंडी कपाटे भिंतीला आणि एकमेकांना पक्की जोडावीत, जाडजूड कोश व खंड खालच्या कप्प्यांत ठेवावेत, दाराकडची वाट मोकळी असावी आणि मुलांची बैठक कपाटांच्या ओळीखाली नसावी. धक्का बसताच जिन्याकडे धावू नये. भक्कम मेजाखाली बसून डोके झाकावे, आणि दगडमातीच्या घरात दार हाताशी असेल तर मोकळ्या जागी जावे, हे मुलांना तेथेच शिकवावे.

दुसरी मागणी ग्रंथालयाच्या मूळ कार्याशी निगडित आहे. एक नोंदवही ठेवावी. धक्का केव्हा जाणवला, कोणत्या गावात, कोणत्या भिंतीला तडा गेला, आणि तो कोणी, कसा दुरुस्त केला, हे सभासदांनी तीत लिहावे. माणसाची स्मृती एका पिढीत पुसट होते. ती पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित देता यावी, म्हणून तर पूर्वजांनी ग्रंथालये स्थापिली. येथे पहिले अक्षर गिरवणारे मूल पुढे वाचू लागेल, तेव्हा ती वही त्याच्या हाती पडावी. आणि ज्या घरात ते निजते त्या घराची भिंत तोवर आपण बांधून घेतलेली असावी, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपला निरोप घेतो.